यशवंतची काच आणि कुसुमची पाठ

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास सौंसरहून येणारी बस पांढुर्ण्यात शिरताना आमच्या घरासमोरच्या वळणावर क्षणभर थांबायची. तिथं थांबा नाही. पण सात वर्षं एक माणूस दर रविवारी तिथं उतरायचा आणि ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हातापायांना त्याची सवय होऊन गेली होती. सहा आठवड्यांपूर्वीच्या रविवारीही बस थांबली, दार उघडलं, पण उतरला तो कंडक्टरच. मी अंगणात पेपर घेऊन बसलो होतो. तो फाटकाशी आला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "गुरुजी, फोटोवाले भाऊ गेले जी. काल दुपारी. वहिनीनं निरोप देला का पांढुर्ण्याच्या गुरुजीले सांगजा म्हणून." त्याची घाई होती, मागे प्रवासी खोळंबले होते. बस गेली आणि आतून माझ्या बहिणीचा, कुसुमचा, आवाज आला, "दादा, बस तं थांबली होती. यशवंतभाऊ काहून नाही उतरले?" ती पालथी पडून होती, दार तिच्या पाठीमागे होतं, तरी बस थांबलेली तिला दिसली होती. कशी दिसली, ते पुढे सांगतो. तेच सांगायचं आहे.

यशवंत सौंसरला एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात एक्स-रे काढायचा. गावात एक्स-रे कोणी म्हणत नसे, 'हाडाचा फोटो' म्हणत, म्हणून तो फोटोवाला. आम्ही दोघं एका वर्गात, एका बाकावर शिकलो. पुढे मी शाळामास्तर झालो आणि पांढुर्ण्याला आलो, तो नागपूरला जाऊन एक्स-रेचं काम शिकून परत सौंसरला आला. त्याच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बोललो. मितभाषी होता, हाताला कसब होतं, गरिबाच्या फोटोला कधी उद्या ये म्हणाला नाही... सगळं खरं होतं आणि तरी मी खोटं बोललो. कारण यशवंतचं नाव निघालं की या दोन्ही गावांत अजूनही लोक एकमेकांकडे पाहतात. "गुरुजीच्या बहिणीचे पाय ह्याच्याच काचीनं गेले" असं हलक्या आवाजात म्हणतात. त्या दिवशी समोर बसलेल्या शंभरेक माणसांना मी सांगू शकलो असतो, की थांबा, अर्धीच गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मी ते सांगितलं नाही. खाली बसलो आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी त्याची काच कशी आली ते सांगतो. यशवंतच्या डोक्यात भुंगा शिरला, की तो महिनोन् महिने निघायचा नाही. तेव्हा तो संध्याकाळच्या बसनं माझ्याकडे यायचा. दिवेलागणीला बसमधला दिवा लागला, की खिडकीच्या काचेत आतल्या माणसांची प्रतिबिंबं दिसतात आणि त्याच काचेतून बाहेरच्या संत्र्याच्या बागाही दिसतात. एक दिवस तो फाटकातूनच ओरडत आला, "मधू, आज मी एक म्हातारी बगीच्यात बसलेली पाह्यली! झाडाच्या मधात! बसमधली म्हातारी, पण पार बुंध्यापाशी जाऊन बसली होती बे!" मी म्हटलं, "थोडी घेतली होती का?" तो हसला नाही. माझ्याकडून पाटी-पेन्सिल घेतली आणि आकृती काढून दाखवू लागला. काचेच्या अलीकडे जितक्या अंतरावर वस्तू धरावी, तितक्याच अंतरावर ती काचेपलीकडे दिसते. हे मी सातवीच्या पोरांना दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी विसरतो. यशवंतनं ते एका म्हातारीवरून स्वतःचं स्वतः शोधून काढलं आणि त्याच रात्री विचारलं, की म्हातारीच्या जागी हाडाचा फोटो ठेवला तर?

महिन्याभरात त्यानं ते उभं केलं. सागवानी चौकट, तिच्यात आडवी साधी काच, फोटो मढवणाऱ्याकडून आणलेली. काचेच्या वर, खाली तोंड करून, दिव्याची पेटी; तिच्यावर एक्स-रेची फिल्म उलटी लावलेली. काचेखाली रोग्याचा हात किंवा पाय. काच दोघांच्या बरोब्बर मध्यावर. तिरकं उभं राहून काचेतून पाहिलं, की कातडीच्या आत हाडं दिसायची. आजूबाजूला नाही, वर तरंगणारी नाही, आत. मी पहिल्यांदा माझ्याच तळहाताची पाहिली आणि चटकन हात मागे घेतला. सावली वस्तूपेक्षा मोठी पडते, म्हणून तो यंत्राचा दिवा जमेल तेवढा दूर नेऊन फोटो काढायचा, म्हणजे माप खऱ्याच्या जवळ यायचं. हे सगळं त्याला कोणी शिकवलं नव्हतं. कापसाच्या जिनिंगमधल्या एका मजुराच्या तळव्यात तारेचा तुकडा रुतून बसला होता, दोन ठिकाणी चिरूनही सापडला नव्हता. डॉक्टरांनी यशवंतच्या काचेतून पाहिलं, एवढीशी चीर दिली आणि चिमट्यानं तार बाहेर काढली. मग एकाच्या पायातली सुई, एकाच्या दंडातला बंदुकीचा छर्रा. यशवंत तेव्हा हवेत होता. म्हणायचा, "मधू, ही तं नुसती सुरुवात हाय. एक दिवस असा येईन का डॉक्टरच्या चष्म्यातच हे सारं राहीन. चष्मा घातला का माणूस आरपार. कापाच्या आधीच मालूम, का कुठं काय हाय." मी त्याला चिडवायचो, की मग तू काय करशील, चष्मे विकशील? पण मनातून मला त्याचा अभिमान वाटायचा. बाकावर शेजारी बसणारा पोरगा असा निघाला म्हणून.

याच दिवसांत कुसुम आजारली. माझी धाकटी बहीण, माझ्याच घरी राहायची, शिवणकाम करायची. पांढुर्ण्यातल्या अर्ध्या पोरींचे शाळेचे झगे तिच्या हातचे. पायाच्या मशीनवर ती बसली, की घरात दिवसभर एक ताल चालू असायचा आणि मला त्याच तालावर वह्या तपासायची सवय होती. आधी तिची पाठ दुखू लागली, मग संध्याकाळचा बारीक ताप, मग वजन उतरलं. आम्ही वाकून काम करण्यावर सगळं ढकललं. एक दिवस मला जाणवलं, की ताल चुकतोय. पायाखालची पट्टी दोनदा हलायची आणि थांबायची, पुन्हा हलायची आणि थांबायची. ती म्हणाली, "दादा, पाय ठेवतो तं तिथं ठेवला का नाही तेच समजून नाही राह्यलं." सौंसरला नेली. यशवंतनं फोटो काढला आणि ओली फिल्म दिव्यासमोर धरली. मणक्याचा टीबी होता. खांद्याच्या पात्यांखाली, आठव्या आणि नवव्या मणक्यामधली फट बुजून गेली होती. बाहेरून मात्र पाठ सरळ, कुबड नाही, काही नाही.

गोळ्या-इंजेक्शनं सुरू झाली, तरी पायांतली ताकद उतरतच गेली. नागपूरच्या सर्जननी सांगितलं, की आत साचलेला पू मज्जारज्जूला दाबतो आहे, तो काढायला हवा आणि लवकर काढायला हवा. पण पाठीत बाहेरून खूण नसली, की नेमका कोणता मणका ते शोधणं हीच अर्धी लढाई असते. मणके दिसायला सख्ख्या भावांसारखे, बोटांनी मोजताना एखादा हमखास चुकतो. म्हणून टेबलावर सुई टोचून फोटो काढायचा, तो धुवून येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं रोगी तसाच गुंगीत ठेवायचा. कुसुमचं हृदय अशक्त झालं होतं. गुंगीचं एकेक मिनिट त्यांना नको होतं. सर्जननी सौंसरच्या डॉक्टरांकडून यशवंतच्या काचेबद्दल ऐकलं होतं. त्यांनी त्याला बोलावलं, सगळं पाहिलं आणि म्हणाले, घेऊन ये. यशवंत त्या दिवशी नागपूरहून थेट माझ्याकडे आला. कुसुमच्या खाटेशी खाली बसला आणि म्हणाला, "बाई, तुह्या पायाची जबाबदारी माही." ती म्हणाली, "मशीन चालवता आली पाह्यजे, भाऊ. बाकी मले काही नको." एवढंच ठरलं होतं. तिचे पाय आणि ती मशीन.

आता ठिपक्यांची गोष्ट. चित्र नेमकं पाठीवर बसवायचं, तर पाठीवर खुणा हव्यात, आणि त्याच खुणा फिल्मवरही उमटायला हव्यात. शाईची खूण ऑपरेशनच्या आधी स्पिरिटनं आणि आयोडिननं धुतली जाते. यशवंतनं बरंच डोकं खाजवलं. मग मोहगावच्या बाजारातून गोंदणारीण घेऊन आला. आमच्या भागात बाया हातावर, कपाळावर गोंदून घेतात. पाठीवर कोणी गोंदत नाही. ती बाई कुसुमला पाहून म्हणाली, "माय, मराच्या वक्ती संग जाते ते गोंदण. पाठीवरचं कोन पाह्यन?" कुसुम म्हणाली, "डाक्टर पाह्यन." तीन ठिपके गोंदले, दोन वर, एक खाली. पंधरा दिवसांनी ते चांगले हिरवे-निळे बसले. मग एका सकाळी सौंसरच्या फोटोच्या खोलीत यशवंतनं तिला पालथं निजवलं, प्रत्येक ठिपक्यावर चिकटपट्टीनं बंदुकीचा एकेक छर्रा लावला, हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवले. पालथं होताना ती इतकी किंचाळली, की बाहेरच्या बाकावरचे रोगी उठून उभे राहिले. यशवंत रोजच्या आवाजात म्हणाला, "श्वास रोका... हलू नका." फोटो निघाला. ओल्या फिल्मवर मणक्यांच्या रांगेशेजारी तीन पांढरे टिकले. ती तशीच पालथी असताना त्यानं चौकट तिच्यावर आणली, पेटी लावली, काच हलवून हलवून तिन्ही टिकले तिन्ही ठिपक्यांवर आणले आणि मला बोलावलं. मी पाहिलं. माझ्या बहिणीच्या पाठीत तिचं आजारी हाड मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आता काही चूक होणं शक्यच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला!

आणि तेव्हा तो म्हणाला... मी त्याचे शब्द सात वर्षं कोणाला सांगितले नाहीत, आज जसेच्या तसे लिहितो. "मधू, अजून एक काढा लागन. टेबलावर तिचे हात डोक्याकडं वर घेतील, छातीखाली उश्या देतील. तसंच ठेवून एक काढू. मंग मले खात्री." कुसुम खाली तोंड करून रडत होती. तिच्या अंगाला घाम सुटला होता. मी म्हटलं, "जुळलं ना?" तो म्हणाला, "जुळलं. पण..." मी म्हटलं, "जुळलं तं पुरे. किती हाल करशीन तिचे? माह्या बहिणीले आता हात लावू नको, सांगून ठेवतो." माझा आवाज चढला होता. वर्गात चढतो तसा, ज्यापुढे कोणी बोलत नाही. यशवंतनं पेटीचा दिवा बंद केला. त्यानं हट्ट धरायला हवा होता, असं मी पुढे कित्येक वेळा स्वतःला समजावलं. पण बाकावरच्या मित्राच्या बहिणीच्या किंकाळीपुढे हट्ट कोण धरतो?

नागपूरच्या त्या दिवसाबद्दल मला फक्त बाहेरच्या व्हरांड्यातलं माहीत आहे. आतलं यशवंतनं सांगितलं ते. कुसुमला पालथी घातली, हात वर, छातीखाली उश्या. पाठ धुतली, ठिपके तसेच शाबूत. काच लावली, तिन्ही टिकले तिन्ही ठिपक्यांवर बसले. सर्जननी काचेतून पाहिलं आणि विचारलं, "फिल्म याच पोझिशनमधली आहे ना?" यशवंत 'हो' म्हणाला. सर्जननी सुई टोचून फोटो काढायचं रद्द केलं आणि चीर दिली. आत निरोगी हाड निघालं. पांढरं, स्वच्छ, टणक. मग धावपळ करून फोटो काढला, तो धुवून येईपर्यंत थांबले. एक मणका वर उघडलं होतं. पुन्हा खाली चीर वाढवली, रक्त फार गेलं, रक्तदाब दोनदा उतरला. पू काढला. पण जी पंचवीस मिनिटं वाचवायला निघाले होते, त्यांच्या कितीतरी पट वेळ गेला. दुपारी चारला यशवंत बाहेर आला. हातात त्याची काच, कापडात गुंडाळलेली. माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "जुळून राह्यलं होतं, मधू. असं सुंदर जुळून राह्यलं होतं का माह्या तोंडून हो निंगून गेलं." त्याच्या मागे सर्जन उभे होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, रागावलेही नाहीत. मला एवढंच म्हणाले, की बरोबर जागी गेलो असतो तरी पाय परत येतील याची खात्री नव्हती. हे वाक्य मी पुढे औषधासारखं रोज घेतलं. गुण आला नाही.

चूक कुठं झाली हे मला कुसुमनं समजावलं, चार महिन्यांनी, पाय येणार नाहीत हे नक्की झाल्यावर. शिवणाऱ्या बाईच्या भाषेत. "दादा, खूण कापडावर होती. कापड सरकलं, आंग तिथंच राह्यलं." हात वर केले, की पाठीची कातडी वर ओढली जाते आणि तिच्याबरोबर ठिपकेही. हाडं मात्र जागची हलत नाहीत. चित्र ठिपक्यांवर अगदी बरोबर बसलं होतं, पण ठिपकेच आपल्या हाडांवर नव्हते. "आमी ब्लाऊजचं माप घेतो ना, तं बाईले हात वर कराले लावतोच. न्हाई तं घातल्यावर कपडा वर चढते." ती हे शांतपणे सांगत होती. बगलेतून बाही चढते हे साधं गणित. गोंदणारणीला कळलं असतं, माझ्या सातवीच्या पोराला कळलं असतं. आम्हा दोघा शहाण्यांना काचेनं भूल घातली. यशवंतला निदान शंका आली होती. मला तीही आली नाही, आणि त्याची आलेली शंका मीच दाबून टाकली.

गावात बोलणं पसरलं, की फोटोवाल्याच्या खेळण्यानं बाई पांगळी झाली. यशवंतच्या डॉक्टरांनी त्याला कामावर ठेवलं, पण काच बंद. लोक त्याच्याकडे फोटो काढायला यायचे आणि तोंडावर विचारायचे, "नुसता फोटोच काढता ना जी?" तो म्हणायचा, "हाव, नुसता फोटो." एकदा म्हणाला असता, की दुसरा फोटो मी मागितला होता, गुरुजीनं काढू देला नाही, तर त्याचं ओझं निम्मं हलकं झालं असतं. तो कधीच म्हणाला नाही. सर्जनना नाही, स्वतःच्या डॉक्टरांना नाही. बायकोलाही नाही, हे मला पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं. ती मला म्हणाली, "त्याहीनं तुमच्या बहिणीचं वाटोळं केलं, गुरुजी, तरी तुमी घरी येऊ देलं. तुमचे उपकार हायत." मी तिथंही गप्प राहिलो.

आणि मी काय केलं? मी त्याला 'तुम्ही' म्हणू लागलो. पंचवीस वर्षांचा 'अबे यशवंत', आणि एका दुपारी तो 'या, बसा' झाला. तो पहिल्या रविवारी आला तेव्हा मी म्हटलं, "चहा घेता का तुम्ही?" त्याचा चेहरा मला अजून दिसतो. कासरा ओढल्यावर बैल थबकतो तसा तो दारात थबकला. मग आत गेला, कुसुमच्या खाटेशी स्टूल ओढून बसला. त्यानंतर दर रविवारी तो त्या स्टुलावर बसायचा आणि मी अंगणात पेपर धरून. चहा आत पाठवायचो. मी त्याला घराबाहेर काढलं नाही, म्हणून लोक मला मोठ्या मनाचा म्हणायचे. मी तेही चालवून घेतलं.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुसुमला दिवसाचे निम्मे तास पालथं ठेवावं लागतं. पालथ्या माणसाला फरशी तेवढी दिसते. तिसऱ्या की चौथ्या रविवारी यशवंत तीच काच घेऊन आला. मागे काळा कागद चिकटवला, खाटेच्या पायाला लाकडी हात बसवला आणि त्यावर काच अशी तिरकी लावली, की उशीच्या कडेवर हनुवटी टेकली तर तिच्या पाठीमागचं दार, फाटक आणि रस्ता दिसावा. मी अंगणातून खोचकपणे म्हटलं, "आरसा लावायचा होता ना तुम्ही, स्वच्छ दिसतो." तो म्हणाला, "आरशात तिले तिचं तोंड बी साफ दिसन. हिच्यात रस्ता साफ दिसते, तोंड पुसट." कुसुम हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं. ते हसू माझ्यासाठी नव्हतं, याचाही मला तेव्हा राग आला. पुढे तिनं हाताची मशीन घेतली, उशांना पाठ टेकून बसली की बाळांची झबली शिवते. पण पायाच्या मशीनचा ताल गेला तो गेलाच. ती मशीन अजून कोपऱ्यात आहे, तिच्यावर औषधं ठेवतो.

त्या स्टुलावर बसून ती दोघं काय बोलायची, ते मी अंगणातून चोरून ऐकायचो. बहुतेक वेळ काहीच नाही. कधी तो काचेबद्दल बोलायचा. स्वप्न त्यानं सोडलं नव्हतं, पण त्याचा सूर बदलला होता. "चित्र असं पाह्यजे, बाई, का माणूस हलला तं तेही हललं पाह्यजे. श्वास घेतला तं श्वास घेतला पाह्यजे. तवरक डॉक्टरले ते दाखवाचंच नाही. लोक फोटोले खरं मानते, आंगाले नाही." एकदा म्हणाला, "येईन तसं. आपून नसू." गेली दोन वर्षं त्याच्या बोटांची नखं काळी पडून चिरली होती. पोरं, म्हातारी माणसं टेबलावर हलतात म्हणून तो त्यांना स्वतः धरून फोटो काढायचा. शिशाचं जाकीट होतं, पण हातमोजे फाटलेले. तो ज्यानं गेला तो रक्ताचा आजार कशानं झाला ते डॉक्टर सांगत नाहीत. मला विचारायची हिंमत नाही.

शेवटच्या रविवारी तो फार वाळलेला दिसला. बोटांना पट्ट्या होत्या. काच पुसून झाल्यावर त्यानं लाकडी हात हलवून पाहिला आणि म्हणाला, "पेच ढिला झाला हिचा. पुढच्या रविवारी पेचकस घेऊन येतो." जाताना माझ्यापाशी अंगणात थांबला. असा थांबायचा नाही कधी. "येतो मधू." मला तोंडापर्यंत आलं होतं, की अबे बस ना जरा. मी म्हटलं, "या." तो पायऱ्या उतरून गेला. हा माझा आणि त्याचा शेवटचा शब्द.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी कुसुमला सांगितलं, की मी सगळं लिहिणार आहे. त्या दिवशी दुसरा फोटो काढू दिला नाही, तेही. मला वाटलं होतं, ती चमकेल, रडेल, मला शिव्या देईल. ती पालथी होती, तोंड काचेकडे. म्हणाली, "मी टेबलावरच होती ना, दादा. मले सारं आयकू आलं होतं." मी विचारलं, "मग बोलली काहून नाही? इतके वर्षं?" तिनं हनुवटी उशीच्या कडेवर नीट टेकवली. मग म्हणाली, "तू नाही म्हणला तं मले बरं वाटलं होतं. हात वर कराले लागते हे मले मालूम होतं. माहाच धंदा होता तो. पण दुखत होतं रे. मी म्हणलं, सुटली." आणि मग, "यशवंतभाऊले मी सांगतलं होतं. पहिल्याच रविवारी. ते म्हणाले, मधूले सांगू नको, त्याले झेपणार नाही."

सात वर्षं. मी अंगणात पेपर धरून बसलो होतो आणि आत ती दोघं मला सांभाळत होती.

काल रविवार होता. बस वळणावर आली, थोडी हळू झाली, थांबली नाही. सहा आठवड्यांत काच पेचावरून खाली कलली आहे; तिच्यात आता रस्ता दिसत नाही, फाटकाचा खालचा भाग आणि शेजाऱ्याची भिंत दिसते. मी पेचकस घेऊन आत गेलो, खाली वाकलो आणि काचेला हात लावला. कुसुम म्हणाली, "हलवू नको."

"रस्ता दिसत नाही ना तुला," मी म्हटलं.

"रस्ता कुठं हाय, मले मालूम हाय. त्याच्या हाताची हाय तशीच राहू दे."

तिच्या उघड्या पाठीवर ते तीन ठिपके होते, दोन वर, एक खाली, आणि त्यांच्यामधून गेलेला लांब व्रण. मी पेचकस खाली ठेवला. खिळ्याला अडकवलेलं त्याचं फडकं घेतलं, काच हलणार नाही अशा बेतानं पुसली. मग स्टूल ओढलं आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यावर बसलो.